पाहुण्यांना सराव बघायचा असतो

जगातली कुठलीही गोष्ट तयार होत असताना बघावी, एकदा ती तयार झाली की बघितली काय आणि न बघितली काय, सारखंच, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा दीर निघाला. ताईला कोल्हापुरात दिल्यापासून त्या घरातली मंडळी आम्हाला ‘पावणं’ म्हणत, आणि आम्ही पुणेकर तोच शब्द शुद्ध करून त्यांना परत करत असू. त्यामुळे हे गृहस्थ माझे ‘पाहुणे’. ताईच्या लग्नात मी त्यांना प्रथम पाहिलं तेव्हा ते आचाऱ्याशेजारी पाट टाकून बुंदी पडताना बघत होते. नवरदेवाचे सख्खे भाऊ म्हणून अक्षतांच्या वेळी त्यांना शोधायला माणूस पाठवावा लागला. पंगत बसली, लाडू वाढले गेले, तेव्हा ते मांडवाच्या एका कोपऱ्यात सतरंजीवर गाढ झोपले होते. “पंगतीत बघण्यासारखं काय असतंय?” असं त्यांनी नंतर मला विचारलं. पंगतीत जेवायचं असतं, हे उत्तर मला त्या वेळी सुचलं नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा एका साखर कारखान्याने त्यांना साखरेचं रसायनशास्त्र शिकायला जर्मनीत पाठवलं, आणि योगायोगाने मी जिथे इंजिनिअरिंगचं संशोधन करत होतो त्याच गावी ते येऊन दाखल झाले. मोटारींच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या वोल्फ्सबुर्गहून आगगाडीने जेमतेम तासाभरावरचं हे गाव. आमच्या घरमालकीणबाईंनी त्यांना माझ्या शेजारची खोली दिली. बाई साठीच्या पुढच्या, विधवा, गुडघ्यांनी जेरीला आलेल्या. पाहुण्यांनी पहिल्याच दिवशी त्यांना ‘मावशी’ म्हणायला सुरुवात केली. हा हिंदुस्थानातला काहीतरी मानाचा किताब असावा अशी बाईंची समजूत झाली, आणि पुढे मी ‘फ्राऊ’, म्हणजे नुसतं ‘बाई’, म्हटलं की त्यांना ते थोडं कोरडं वाटू लागलं.

युद्धात गावाचा बराच भाग जमीनदोस्त झाला होता आणि जिकडेतिकडे नवीन इमारती उठत होत्या, म्हणजे पाहुण्यांच्या दृष्टीने हे जगातलं सर्वांत प्रेक्षणीय गाव होतं. मी त्यांना बाँबहल्ल्यांतून वाचलेलं जुनं चर्च दाखवायला नेलं, तर ते त्याच्याकडे पाठ करून समोरच्या पोस्टाच्या इमारतीचा स्लॅब टाकला जाताना बघत उभे राहिले. गवंड्यांशी त्यांची ओळख झाली. ते बिअर देऊ करत, हे नको म्हणत, पण कालवलेलं सिमेंट बोटाने चाचपून “या, या, गेनाऊ!”, म्हणजे ‘हो, हो, अगदी बरोबर!’, असा जर्मन शेरा देत आणि गवंडी खूश होत. पोस्टाचं उद्घाटन झालं त्यानंतर मात्र ते त्या इमारतीत कधी शिरले नाहीत. तिकिटं मी आणायचो. संगीतसभागृहातल्या तालमींना ते मागच्या रांगेत नियमाने हजर असत आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाचं तिकीट मला देऊन टाकत. त्यामुळे त्या काळात माझं पाश्चात्त्य संगीताचं ज्ञान पुष्कळ वाढलं, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

पण त्यांचा खरा जीव होता फुटबॉलवर. कोल्हापुरात पेठेची टीम सराव करते तेव्हा सगळी पेठ मैदानाच्या कडेला बसलेली असते. म्हातारे चुका काढतात, पोरं चेंडू आणून देतात, आणि कोण कुठे कच्चा आहे ते टीमच्या आधी प्रेक्षकांना कळलेलं असतं. आमच्या तांत्रिक महाविद्यालयाचीही एक टीम होती. पाहुणे तिच्या सरावाला, ऊन असो की बर्फ, मैदानाकडेच्या बाकावर ओव्हरकोट गुंडाळून बसत आणि तिथून अस्सल कोल्हापुरीत सूचना देत. “आरं, दे की! दे की पास!” जर्मन पोरांनी त्यातलं ‘देकी’ तेवढं उचललं. काही दिवसांनी सहा फुटी, सोनेरी केसांचे गडी एकमेकांकडे चेंडू मागताना “देकी! देकी!” असं ओरडताना मी स्वतः ऐकले आहेत. रविवारच्या सामन्याला मात्र पाहुणे कधीच जात नसत. त्या वेळी ते खोलीत पालथे झोपलेले असत. सामन्याचं वर्णन करायला मी उत्साहाने त्यांच्या खोलीत गेलो की म्हणत, “मला म्हाईतच हाय. त्यो डावा गडी चेंडू आला की आधी स्वतःच्या पायाकडं बघतोय. हरलासा न्हवं?” आम्ही बहुतेक वेळा हरलेलोच असायचो.

दुसऱ्या वर्षी नवीन ट्रेनर आला. युद्धात पायाला गोळी लागल्यामुळे थोडा लंगडत चालणारा, कमी बोलणारा माणूस. तो आला आणि पंधरवड्यातच मैदानाच्या फाटकावर पाटी लागली: सरावाच्या वेळी बाहेरच्यांना प्रवेश बंद. पाहुण्यांनी पाटी मोठ्याने वाचली, समाधानाने मान हलवली आणि फाटक ढकलून आत गेले. “बाहेरच्यांसाठी हाय ती,” मला म्हणाले. दहा पावलं गेल्यावर ट्रेनर आडवा आला.

“पाटी वाचलीत का?”

“वाचली की. पण मी रोजचा हाय.” हे मी जर्मनमध्ये सांगितलं.

“खेळाडू सोडून सगळे बाहेरचे.”

“मग गेल्या वर्षी मी कोण होतो?”

याचं उत्तर ट्रेनरकडे नव्हतं, पण फाटक त्याच्याकडे होतं. “रविवारी सामन्याला या,” तो शांतपणे म्हणाला. “तो सगळ्यांसाठी खुला आहे.”

परत येताना पाहुणे इतके दुखावले होते की रस्त्यात एका घराचं छप्पर घालत होते तिकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही. “जेवायला बोलावतोय आणि सैपाकघराला कुलूप लावतोय,” ते म्हणाले. “मैदान कॉलेजचं. कॉलेज सरकारचं. सरकार लोकांचं. मग लोकांनी काय निसता निकाल बघायचा?” दुसऱ्या दिवशी मला दुभाष्या म्हणून घेऊन ते महाविद्यालयाच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने चष्मा वर करून विचारलं, “आल्झो, तर मग यांना सराव कशासाठी बघायचा आहे?” पाहुणे म्हणाले, “बघण्यासाठी.” मी त्याचं भाषांतर ‘शास्त्रीय कुतूहल’ असं केलं. कारकुनाने बरीच शोधाशोध करून सांगितलं की सराव लोकांनी बघावा असा नियम नाही आणि बघू नये असाही नाही, तेव्हा ट्रेनर म्हणेल ते खरं. सायकलची घंटा किती वेळा वाजवावी याचे नियम असलेल्या देशात एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला नियम नसावा, याचा पाहुण्यांना खरोखर धक्का बसला.

मग त्यांनी स्वतःचे उपाय सुरू केले. मैदानाच्या कडेने, थोड्या उंचीवरून ट्राम जात असे. तिच्यातून ते संध्याकाळभर येरझारा घालू लागले. पण मैदान शिंक यावी तेवढाच वेळ दिसे, आणि तेवढ्यात समोर कोणी धिप्पाड बाई उभी राहिली की तेही नाही. शेवटी वाट दाखवली ती मावशींनी, तीही नकळत. जर्मन माणसं गावाबाहेर भाड्याने जमिनीचा तुकडा घेऊन भाजीपाला लावतात तसा मावशींचा एक तुकडा होता. गुडघ्यांमुळे तो पडीक झाला होता, याची त्या रोज हळहळ करत. तो मैदानाला लागून, जरा चढावर आहे, हे पाहुण्यांना कळलं त्या संध्याकाळी त्यांनी फावडं हातात घेतलं. ज्या माणसाने कोल्हापुरात तुळशीला तांब्याभर पाणी घातलं नसेल, तो बटाटे, घेवडा आणि पार्सलने मागवलेले धणे लावू लागला. मी एकदा बघायला गेलो. पाहुण्यांचं फावडं जमिनीत होतं आणि डोळे कुंपणापलीकडे. बराच वेळ ते एकाच जागी खणत होते. झाडाखाली खुर्ची टाकून बसलेल्या मावशींनी काळजीने विचारलं, “हे इथे विहीर काढतायत का?”

त्या दिवसांत पाहुण्यांची कळी खुलली. रात्री जेवताना मला टीमचा सगळा वृत्तांत मिळे. मग एका आठवड्यात तो अचानक बंद झाला. मी विचारलं की “हाय आपलं, चाललंय,” एवढंच. जेवणही कमी झालं. मला वाटलं घरची आठवण येत असेल. त्यांची बायको आणि लहान मुलगी कोल्हापुरातच होत्या. म्हणून एका संध्याकाळी मी मुद्दाम मळ्यावर गेलो.

सराव चालू होता आणि पाहुणे मैदानाकडे पूर्ण पाठ करून खुरपत होते. हा देखावा इतका अनपेक्षित होता की मी हाक मारायचंही विसरलो. तेवढ्यात कुंपणापलीकडून ट्रेनर लंगडत आला. हिंदी माणूस मळ्यातून सराव बघतो, ही बातमी कोणीतरी त्याला पोचवली होती. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“आम्ही फाटक बंद केलं तर तुम्ही कुंपणावरून बघता! उद्या मी वरपर्यंत तक्रार करतो. परदेशी विद्यार्थी म्हणून तुम्ही इथे राहता, हे विसरू नका.”

तक्रारीचा अर्थ मला कळत होता. पाहुण्यांना कारखान्याने पाठवलं होतं. इथून ठपका घेऊन परत जाणं म्हणजे नोकरीवरच गदा. मी घाईघाईने काहीतरी सारवासारव करू लागलो, तर पाहुण्यांनी मला थांबवलं.

“खोटं बोलू नगासा. आधी बघत होतो म्हणून सांगा. पण आठवडा झाला, मी तिकडं बघितलेलं न्हाई.”

ट्रेनर तुच्छतेने हसला. तेव्हा झाडाखालून मावशी बोलल्या. “खरं आहे ते. जरा हे वाफे बघा. तिकडचे, आधीचे, सगळे वाकडे. या आठवड्यातले कसे सरळ आलेत.”

ट्रेनरने वाफ्यांकडे बघितलं. वाफे जर्मन माणसाचं समाधान व्हावं इतके सरळ होते.

“मग बघणं का सोडलंत?” त्याने विचारलं.

पाहुण्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी वाक्यावाक्याने जर्मनमध्ये करत गेलो. टीमचा गोलकीपर म्हणजे एक उंच, अबोल पोरगा. गेल्या मोसमात एका सामन्यात तो पुढे धावून आला आणि त्याच्या धडकेने समोरच्या गड्याचा पाय मोडला. तो सामना मी बघितला होता. त्या गड्याला उचलून नेताना कीपर गोलपोस्टला धरून उभा होता, तेही मला आठवत होतं. त्यानंतर कोणी अंगावर चाल करून आला की हा डोळे मिटून मान फिरवायचा आणि चेंडू बाजूने आत जायचा. प्रेक्षक त्याला बघून डोळ्यांवर हात ठेवायचे आणि हसायचे. एवढं सगळ्यांना माहीत होतं. पाहुण्यांना कळलं ते पुढचं. सराव संपून बाकीचे गेले की ट्रेनर एकटा त्या पोराला थांबवून घेई आणि स्वतः लंगडत लंगडत चेंडू घेऊन त्याच्यावर धावून जाई, पुन्हा पुन्हा.

“मागल्या मंगळवारी त्ये पोरगं गोलात मटकन बसलं आणि रडाय लागलं,” पाहुणे म्हणाले. “ह्यो त्याच्या शेजारी गवतात जाऊन बसला. काय बोलला न्हाई. निसता बसला. त्या पोराला वाटत होतं, आपल्याला कोण बघत न्हाई. मग मी कसं बघू?”

भाषांतर संपल्यावर ट्रेनरने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मला म्हणाला, “यांना सांगा, गुरुवारपासून फाटकातून आत या. मी अडवणार नाही.”

“नगं,” पाहुणे भाषांतराची वाट न बघता म्हणाले. “पोराला विचारा आधी. त्यो हो म्हणला तर येतो.”

पोरगा हो म्हणाला नाही. त्याला अजून नको होतं. ट्रेनरने कुंपणाशी येऊन हे सांगितलं तेव्हा पाहुण्यांनी “गेनाऊ,” म्हणून मान डोलावली आणि घेवड्याच्या वेलाला काठी लावायला घेतली. तक्रार झाली नाही. सराव मात्र त्यांना पुढे कधीच बघायला मिळाला नाही.

मोसमाच्या शेवटच्या सामन्याला पाहुणे आपण होऊन माझ्याबरोबर आले. त्यांना सामना बघायला आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते गर्दीत अवघडून उभे होते, दुसऱ्याच्या लग्नात नवरदेवाच्या घोड्यावर चुकून बसवल्यासारखे. आम्ही हरत होतो. सामना संपायला थोडा वेळ असताना प्रतिपक्षाचा एक आडदांड गडी एकटाच चेंडू घेऊन सुटला. कीपर पुढे आला. प्रेक्षकांत कुणीतरी डोळ्यांवर हात ठेवले. पोरगा थांबला नाही, त्याने मान फिरवली नाही. सरळ त्या गड्याच्या पायांत झेप घेऊन त्याने चेंडू छातीशी धरला. दोघेही उठून उभे राहिले. तो गडी धडधाकट उठला आहे हे बघून घेतल्यावरच कीपरने चेंडू लाथाडला. मी टाळ्या वाजवत पाहुण्यांकडे वळलो, तर ते रुमालाने चष्मा पुसत होते. झेप त्यांनी बघितली की नाही, हे मी विचारलं नाही. आम्ही हरलोच. पलीकडे मैदानाच्या कडेला ट्रेनर आपल्या दुखऱ्या पायावरून हात फिरवत उभा होता. पाहुण्यांनी त्याला लांबूनच नमस्कार केला आणि त्यानेही, कसं जमलं कोण जाणे, दोन्ही हात जोडले.

पुढच्या वर्षी पाहुणे परत गेले. मावशी काही दिवस आपल्या मैत्रिणींना ‘मावशी’ म्हणायला लावत होत्या, पण कुणालाच तो उच्चार नीट जमला नाही.

साठचं दशक सरत असताना मी सुट्टीवर आलो आणि ताईकडे कोल्हापूरला गेलो. पाहुण्यांचं घर जवळच होतं. ते आता कारखान्याचे मोठे साहेब झाले होते, केस बरेच गेले होते. चहा घेऊन आम्ही बोलत बसलो होतो. एवढ्यात माडीवर तंबोरा लागला. त्यांची मुलगी गाणं शिकत होती. पाहुणे कप तसाच ठेवून उठले आणि मलाही उठवलं. “चला, चला. तिला रियाज कुणी ऐकलेला आवडत न्हाई.” आम्ही चपला घालून गल्लीच्या टोकाला, वाण्याच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. संध्याकाळ होत होती. पोरगी एकाच स्वराशी पुन्हा पुन्हा येऊन अडत होती, सोडत होती, परत येत होती.

“तुमाला ऐकू येतंय काय?” बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं.

“छे,” मी म्हटलं.

“मलाबी न्हाई,” ते म्हणाले, आणि ती पुढचा स्वर लावेपर्यंत आम्ही दोघेही तिथे गप्प बसून राहिलो.