ओमारने पुसलेला ठसा

आमचा ओमार टेनिसमध्ये जगात दोनशे चौदावा होता. नदीकाठच्या आमच्या गावात मात्र तो पहिलाच, त्यामुळे आकडा कुणी विचारलाच नाही. सतरा ते सव्वीस, नऊ वर्षं तो व्यावसायिक म्हणून खेळला. बोगोता, किटो, असुन्सिऑन. सामना, रात्रीची बस, सामना. घरी फोन आला की आई विचारायची, "कसं आहे रे गाव?" "ठीक." "आणि जेवण?" "ठीक." मी त्याची धाकटी बहीण. मी मागून ओरडायचे, "मेल्याला स्वर्गात नेलं तरी ठीकच म्हणेल!"

तीस वर्षांपूर्वी तो पॅरिसला पोचला. मुख्य स्पर्धेत शिरायला एकच सामना जिंकायचा होता. तिसऱ्या सेटमध्ये समोरचा पोरगा विजयापासून एका गुणावर आला. त्याचा फटका ओमारच्या मागच्या रेषेपाशी पडला, पंचाने 'बाहेर' म्हटलं आणि पोरगा भांडायला लागला. लाल मातीवर चेंडूचा ठसा उमटतो. असा वाद झाला की पंच खाली उतरून तो ठसा बघतो. पण पंच उतरायच्या आत ओमारने त्यावर बूट फिरवला. ठसा पुसला की वाद संपला, गुण समोरच्याचा. सामनाही त्याचाच.

पप्पांचं खाटकाचं दुकान होतं. ओमारचा फोन आला तसे त्यांनी पाटीवरचे मांसाचे भाव पुसले आणि खडूने लिहिलं, 'माझ्या मुलाने हरणं पत्करलं, खोटेपणा नाही.' पप्पा गेले तोवर पाटी तशीच होती. गिऱ्हाइकं भाव तोंडी विचारायची.

ओमार परत आला तो पुन्हा खेळला नाही. गावच्या क्लबात माती चाळायची, पाणी मारायचं, रेषा झाडायच्या, पोरांना शिकवायचं. दुपारी तिथल्याच माझ्या कँटीनमध्ये एक सँडविच, कायम तेच. मध्ये त्याचं लग्न झालं, मोडलंही. दोन्ही बातम्या त्याने मला एकाच आवाजात सांगितल्या. पॅरिसने त्याचं काळीज मोडलं असं आम्ही धरून चाललो होतो. त्याच्यासाठी मी चर्चमध्ये किती मेणबत्त्या जाळल्या, देवाला ठाऊक.

माझी ब्रिसा सतरा वर्षांची. मामाच्या हाताखाली शिकली आणि प्रांतात कुणाला हरेनाशी झाली. गेल्या ऑक्टोबरात क्लबाने पहिल्या मैदानाला ओमारचं नाव द्यायचं ठरवलं. वरातीमागून घोडं, पण आलं एकदाचं. पितळी फलकावर पप्पांचंच वाक्य कोरलं होतं. त्याच दुपारी तिथेच ब्रिसाचा अंतिम सामना, आणि जिंकेल तिला ब्युनोस आयर्सच्या टेनिस शाळेत जागा. मी हिरवी सूटकेस आणून ठेवली होती. ब्रिसाने ती उघडूनही पाहिली नव्हती. मला वाटलं, अपशकुनाला भीत असेल.

"ग्लादिस, तुझ्या भावाला आज तरी हसायला सांग, फोटो काढायचाय," क्लबाचे सेक्रेटरी अन्सेल्मोकाका म्हणाले. पंचाच्या खुर्चीतही तेच बसणार होते.

"तो हसला तर मांजराला शिंगं फुटतील, काका."

सामना शेवटच्या सेटपर्यंत गेला. समोरच्या मुलीला एकच गुण हवा होता. तिचा फटका ब्रिसाच्या रेषेपाशी पडला. "बाहेर!" काका ओरडले.

"ठसा बघा!" ती मुलगी किंचाळली.

काकांचा पाय जमिनीला लागायच्या आत ब्रिसा ठशापाशी पोचली. तिने मामाकडे एकदा पाहिलं आणि बूट फिरवला.

अख्खा क्लब उभा राहिला. "शेवटी रक्त कुणाचं!" कोणीतरी म्हणालं. मी रडत होते आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होते. ओमारने टाळी वाजवली नाही. तो तिच्याकडे चालत गेला. पाण्याची बाटली घेऊन मी मागोमाग गेले, म्हणून ऐकलं.

"बाहेर होता ना?" त्याने विचारलं.

ब्रिसा बुटांकडे बघत होती. "चार बोटं."

"माझाही."

बाटली माझ्या हातातच राहिली. "म्हणजे? मग पुसलास कशाला?"

"घरी यायचं होतं," तो म्हणाला. "जिंकलो असतो तर परत तीच रात्रीची बस."

"आणि तीस वर्षं मूग गिळून बसलास?"

"आलो तेव्हा पप्पांनी पाटी लिहिली होती, ग्लादिस." हेही त्याच आवाजात.

ब्रिसाने वर पाहिलं. "आई, तू रागावलीस?"

रागावले होते. सूटकेस डोळ्यांसमोर होती, आणि आजही मनातून गेलेली नाही. एवढी वर्षं मी पोरीला पहाटे उठवलं, कधी विचारलं नाही, उठावंसं वाटतं का. मी बाटली तिच्या हातात दिली.

इतक्यात अन्सेल्मोकाका माईक घेऊन आले. "ग्लादिस, पोरीबद्दल दोन शब्द बोल! फलकावर आजोबांच्या वाक्याखाली तेही कोरून घेऊ!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओमारसुद्धा.

मी माईक घेतला. "ती हरली," मी म्हटलं. "आणि तिला भूक लागली असेल."

ओमार हसला.