नंबर तोच राहिला

झाशीतल्या आमच्या पंपांच्या दुकानात लग्न होऊन आल्यापासून फोन मीच उचलते. गरौठ्याचा शेतकरी असो की मोठ गावचा, मोटर जळली की त्याला माझाच आवाज हवा. "बहनजी, पानी नईं चढ़ रओ," इथून सुरुवात. आमच्या ह्यांच्या हातात फोन दिला की दोन मिनिटांत भांडण.

आई ग्वाल्हेरला एकटी. गाडीने दीड-दोन तासांवर, पण इतक्या वर्षांत मी तिच्याकडे सलग चार दिवस राहिले असेन तर शपथ! यंदा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी जाहीर करून टाकलं, आठ दिवस मी जाणार म्हणजे जाणार. फोनचं तुम्ही बघा.

म्हणून क्लाउडवाला फोन घ्यायचं ठरलं. कुणाचा फोन आला की रेकॉर्ड केलेला आवाज सांगणार, नव्या पंपासाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन. मग ज्याचं काम त्याच्या मोबाइलवर वाजणार. ह्यांना नंबर, कंपनी, सगळंच नवं हवं होतं. मी म्हटलं, "अहो, आपला नंबर लोकांनी स्टार्टरच्या पेटीवर रंगवून घेतलाय. गावोगाव पुसत फिरणार का?" जोडणी करायला आलेले गृहस्थ म्हणाले, जुनी टेलिफोन कंपनी सोडायची गरजच नाही. नंबर आणि लाइन तिचीच राहील, कॉल वाटायचं काम तेवढं आमचं. झालं, मी जिंकले. जाता जाता त्यांनी विचारलं, "भाभीजी, कोई कुछ न दबाए तो किसको दें?" "मुझे दे दीजिए," मी चटकन म्हणून गेले. असे असून असून कितीसे असणार?

सगळेच निघाले! कॉलची रेकॉर्डिंगं मी ऐकली आहेत. मशीन बोलायला लागलं की आमची माणसं म्हणतात, "राम-राम बहनजी," आणि उत्तराची वाट बघत थांबतात. समोरची बाई बोलतेय आणि आपण बटणं दाबायची, हे त्यांना उद्धटपणाचं वाटतं. ती थांबतात, आणि मग माझ्या पर्समध्ये वाजतं. पूर्वी फोन निदान दुकानात तरी असायचा.

ग्वाल्हेरला मी आईच्या डोळ्यात थेंब घालायचे आणि कानाशी मोटर. वैतागून ह्यांना म्हटलं, तुमच्याकडे वळवून घ्या. "घेतो, पण गिऱ्हाईक तुटलं तर मला बोलायचं नाही." राहू द्या, म्हटलं. राग तरी कुणावर काढू? नंबर मीच राखला, नाव मीच दिलं. अगदी कोंडल्यासारखं झालं होतं मला.

पाचव्या दिवशी दुपारी आई काळा चष्मा लावून पलंगावर बसली होती. बाबा गेले त्या दिवसाबद्दल ती कधी चकार शब्द काढत नसे. त्या दुपारी आपण होऊन बोलू लागली. "त्या सकाळी ते मला जवळ बसवून म्हणाले..." तेवढ्यात घंटी वाजली आणि ती गप्प झाली. हात मांडीवर ठेवून थांबून राहिली.

फोन शेजारच्या घरात वाजत होता.

"आई, माझा नाही. तू बोल."

"घे बाई आधी तुझा."

"अगं, माझा नाहीये म्हणते ना!" मी ओरडलेच.

ती दचकली. "राहू दे," म्हणाली, "काही विशेष नव्हतं."

त्यानंतर मी दोनदा विचारलं. बाबा तिला काय म्हणाले, ते मला अजून माहीत नाही.