आवाज दिसेल असं काही

नरसय्याकाका गेल्याचा निरोप त्यांच्या जावयाने पाठवला, तोही ग्रुपवर नाही, मला एकट्याला. "सासरे आज सकाळी गेले. झोपेतच." एवढंच. मी वर्गात होतो, मुलांचं प्रात्यक्षिक चालू होतं. पहिला विचार आला तो असा की ते लिहायचं राहिलं ते राहिलंच... आणि लगेच दुसरा, की बरं झालं, आता कुणी विचारणार नाही. हा दुसरा विचार मी इथे सांगितला नसता तरी चाललं असतं, पण महिनाभर तो घेऊन फिरतोय आणि आता पेलवत नाही.

सोलापुरातल्या गेम खेळणाऱ्यांचा एक ग्रुप मी चालवतो. कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवत असल्यामुळे अॅडमिनपद आपसूक माझ्याकडे आलं आणि थोडं डोक्यातही गेलं. प्रश्न रोजचेच. कन्सोल घ्यावा की कॉम्प्युटर? जुनं ग्राफिक्स कार्ड चालेल का? लाइट गेली तर इन्व्हर्टरवर किती वेळ खेळता येईल? मे महिन्यात एकाने अगदी गंभीरपणे विचारलं होतं, कन्सोल फार तापतो, शेजारी कूलर ठेवला तर आतून गंजेल का? माझी उत्तरं तयार असत. कॉम्प्युटर तो कॉम्प्युटर, कन्सोल म्हणजे टीव्हीपुढे लोळत खेळायचं खेळणं. आणि माउसशिवाय नेम लागत नाही, हे तर मी इतक्या वेळा लिहिलं होतं की पोरं मला चिडवायला तेच वाक्य मलाच पाठवत.

काकांना ग्रुपमध्ये आणलं त्यांच्या जावयाने, श्रीनिवासने. त्याने नवा कन्सोल घेतला आणि जुना सासऱ्यांना दिला. दर रविवारी जेवणं झाली की सासरा-जावई टीव्हीपुढे बसून एकत्र खेळायचे. तेलुगू घरात जावयाचा मान काय असतो हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. त्या मानाच्या माणसाच्या हातात रिमोट देऊन त्याला हरवायचं, यात काकांना भारी मजा वाटत असावी. ग्रुपवर ते मोजकं लिहायचे. कन्सोल की कॉम्प्युटर या वादात एकदा त्यांनी लिहिलं, "यंत्र नंतर बघा आधी खुर्ची बघा कंबर गेली की दोन्ही सारखेच." आम्ही सगळे हसलो. मग ते आमच्या ऑनलाइन सामन्यांत उतरले आणि आमचं हसू बंद झालं. बंदुकीचा खेळ, भिंतींच्या आडून माणसं येणार, आणि हे काका कन्सोलच्या रिमोटने आम्हा माउसवाल्यांना टिपत होते. माणूस भिंतीमागून पुरता बाहेर यायच्या आतच त्यांचा नेम तयार असे. मी माइकवरून त्यांना विचारी, "काका, कसं काय?" ते उत्तरच देत नसत. माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्याच आठवड्यात त्यांचा मला वैयक्तिक निरोप आला. "सर पलीकडून कोण आला ते आवाजाशिवाय कळंल असं काही असतंय का आवाज दिसंल असं." मला वाटलं, सापडला. भिंतीपलीकडचं दिसावं म्हणून लबाडीची सॉफ्टवेअर मिळतात, तेच हे गृहस्थ मागताहेत. एक आधीच वापरत असतील, आता त्याहून भारी हवं असेल. मी त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. त्या निरोपाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "नेम कुठून येतो ते कळलं का?" आणि त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. पोरांनी दिवसभर टिंगल केली. मला चढल्यासारखं झालं होतं, खोटं कशाला बोलू. श्रीनिवास त्या दिवशी काहीच बोलला नाही.

तीन-चार महिन्यांनी, बहिणीच्या घरच्या लग्नात आहेराला टॉवेल द्यायचे म्हणून मी पूर्व भागातल्या एका कारखान्यात गेलो. माग चालू होते, शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं. खिडकीशी जाड चष्म्याचे एक गृहस्थ माल तपासत बसले होते. त्यांच्यापुढून टॉवेलाचं कापड सरकत होतं आणि मधेच त्यांचं बोट टेकत होतं. तिथे एखादा धागा तुटलेला असायचा. मला तो बोट ठेवून दाखवल्यावरही चटकन दिसेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "अॅडमिन सर ना तुमी? फोटो हाय की तुमचा ग्रुपवर." मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी कानाला हात लावला आणि हसले. "मोठ्यानं बोला सर. ह्या मागांनी खाल्ले बघा दोन्ही कान. पस्तीस वर्षं उभारलोय हितं."

हेच नरसय्याकाका. मला उभ्या उभ्या सगळं कळलं. ते माइकवर उत्तर का देत नव्हते ते कळलं. आम्ही हेडफोन लावून पावलांचा आवाज ऐकत खेळायचो, काकांना ती पावलं कधी ऐकूच आली नव्हती. ते पडद्याच्या कडेला हलणारी सावली बघून वळायचे, आयुष्यभर चालत्या मागावर तुटका धागा बघितला तसं. आणि तरी कधी कधी चुकायचं, पाठीमागून कुणी आला की कळायचं नाही, म्हणून त्यांनी शिकवणाऱ्या माणसाला साधा प्रश्न विचारला होता. "माझं जाऊ द्या सर," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता, बहिऱ्या माणसाला जमेल तेवढा. "जावई हाय त्या ग्रुपात. काका तसला माणूस न्हाई, एवढी एक ओळ लिवा की." मी म्हटलं, आजच लिहितो.

घरी जाऊन मी खेळाची सेटिंग उघडली. आवाज चित्रात दाखवायची सोय त्या खेळातच होती, सगळ्यांसाठी, उघड. ते पान मी, सगळ्यांना अक्कल शिकवणाऱ्याने, कधी उघडलंच नव्हतं. ते कुठे आहे हे मी काकांना लगेच कळवलं. "लई उपकार सर," उत्तर आलं. ग्रुपवरची ओळ मात्र लिहिली नाही. आधी परीक्षांचं निमित्त झालं. मग वाटलं, लोक विसरलेत, कशाला पुन्हा उकरून काढा. खरं कारण एवढंच की तेवढं लिहिलं असतं तर ग्रुपवर माझा शब्द हलका झाला असता. काकांनी एकदाही आठवण केली नाही. दसऱ्याला त्यांनी आपट्याच्या पानांचं चित्र पाठवलं. मी हात जोडलेलं पाठवून मोकळा झालो.

काकांचे दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला आणि समोर बसून म्हणाल्या, "तुमी लिवलं म्हणून सांगितलं त्यांनी. सरांनी सगळं मिटवलं म्हणाले. लई बरं वाटलं आमाला." श्रीनिवास दाराशी उभा होता. तो त्या ग्रुपमध्ये आहे, तिथे काय लिहिलं गेलं आणि काय नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने जमिनीकडे बघितलं. आणि मी... मी "हो" म्हणालो. काकांनी बायकोपुढे माझी लाज राखली होती, ती मी गपचूप घेतली.

श्रीनिवास मला गाडीपर्यंत सोडायला आला. चिडला असता तर बरं झालं असतं. "सर, तुम्ही काही लिहिलं नाही ना," तो म्हणाला, "म्हणून मला वाटलं, खरंच असेल. सासऱ्यांना कसं विचारायचं? मी रविवारी जायचंच बंद केलं." काकांना ऐकू येत नाही हे त्याला माहीत होतं, घरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. पण संगणक शिकवणारा माणूस म्हणतोय म्हटल्यावर त्याने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं लिहिलं, माझी चूक म्हणून. दहा-बारा जणांनी हात जोडले. एकाने विचारलं, कोण नरसय्याकाका? त्यानंतरचा प्रश्न मॉनिटरचा होता.

काकूंना मराठी वाचता येत नाही. श्रीनिवासला माझी विनंती आहे, हा लेख त्यांना वाचून दाखवा. मी त्यांच्या घरी बसून "हो" म्हणालो ते खोटं होतं, हे त्यांना माझ्याकडून कळू द्या. त्या घरात टीव्हीखालच्या फळीवर दोन रिमोट आहेत. एकाच्या बटणांवरची अक्षरं काकांच्या अंगठ्याने पुसून गेली आहेत. दुसरा त्यांनी नव्या टॉवेलात गुंडाळून ठेवलाय, धूळ बसू नये म्हणून. काकू सांगत होत्या, दर रविवारी जेवण झालं की ते तो टॉवेल सोडायचे, रिमोट जावयाच्या जागेवर ठेवायचे आणि एकटेच खेळायला बसायचे.