माहेरचं नाव

आमच्या आत्याला घरात सगळे पुफी म्हणतात. सिंधीत आत्याला तेच म्हणतात, आणि माझ्या सिंधीतले जे पन्नासेक शब्द शाबूत आहेत त्यांतला हा एक. बाकी मी पक्का जालन्याचा. शाळा मराठी, दुकानातली घासाघीस मराठी, भांडणही मराठीतच बरं जमतं.

पुफी मात्र फाळणीत तिकडून आलेली, तीन-चार वर्षांची असताना. इकडे आल्यावर वर्षाच्या आत तिची आई, म्हणजे माझी आजी, छावणीतच तापानं गेली. आजोबा दोन लेकरं घेऊन जालन्याला आले आणि कापडाचं गाठोडं खांद्यावर टाकून राजूर, जाफराबादचे बाजार करू लागले. पुफीला आईचं एकच नाव माहीत होतं, सासरचं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. पहिलं नाव माहेरी राहतं, आणि आजीचं माहेर कुठे विखुरलं ते कुणालाच कळलं नाही. दर श्राद्धाला पुफी सासरच्या नावानं ताट वाढायची आणि कुरकुरायची, की या नावानं तिला तिच्या आईनं कधी हाक मारली नाही, आपल्यालाच बोलावतायत हे तिला कळत तरी असेल का.

तिची सगळी आशा आजोबांच्या वहीवर होती. आजीचं काही विचारलं की ते वहीकडे बोट दाखवायचे, आपलं सारं खानदान यात लिहिलंय म्हणायचे. वही सिंधीत, उर्दूसारख्या लिपीत. वडिलांना ती लिपी येत नव्हती; आजोबा गेल्यावर वाचणारं कुणी उरलं नाही. पुफी शाळेत गेलेलीच नव्हती. मी 'बघू, बघू' करत वीस वर्षं घालवली, याची मला लाज वाटते. या श्रावणात ती म्हणाली की तू बघत बस, मी चालले वर. तेव्हा कुठे मी हललो.

गल्लीतले उर्दू शाळेचे निवृत्त मास्तर वाचायला तयार झाले. दिवस पुफीनं ठरवला, थदडीचा. त्या दिवशी आमच्यात शेगडी पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेलं गारच खायचं, त्यामुळे तिला स्वयंपाकघरातून सुट्टी. चहा मिळणार नाही हे मास्तरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी लोला, म्हणजे गुळाचा जाड रोट, दह्याशी खाल्ला, बायकोसाठी दोन बांधून घेतले आणि चष्मा पुसून बसले.

मग आंधळ्या-पांगळ्याची जोडी कामाला लागली. मास्तरांना अक्षरं यायची, अर्थ कळायचा नाही. पुफीचं नेमकं उलटं. सिंधीतली जास्तीची टिंबं आली की मास्तर अडखळायचे, दोन-तीन तऱ्हांनी म्हणून बघायचे, आणि पुफी डोळे मिटून त्यातला बरोबर शब्द उचलायची. मी एका नव्या वहीत देवनागरीत उतरवत होतो. मध्येच एका विहिरीचा उल्लेख आला, तिच्याजवळच्या लिंबाचा आला. तो लिंब मी पाहिलेला नाही, पाहणारही नाही. तरी तो मी वेगळ्या ओळीवर लिहिला.

सात पिढ्या निघाल्या. बापाचा बाप, त्याचा बाप, कोण कुठे गेला, कुणी काय विकलं. प्रत्येकापुढे मुलग्यांची नावं. बायकोच्या जागी एकच शब्द, घरवारी. आजोबांच्या पानावरही तेवढंच. ते पान पुफीनं तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून मास्तरांनी वही मिटली.

"बाजी, इसमें नै है," ते हळूच म्हणाले.

मला वाटलं ती रडेल. मी घाईघाईनं हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळीच्या वह्यांचं काहीतरी बोलू लागलो. तिनं मला थांबवलं आणि विचारलं, की तुझ्या या नव्या वहीत तुझ्या आईचं नाव काय लिहिणार. मी लगेच सांगितलं.

"ते सासरचं," ती म्हणाली. "पहिलं सांग."

मला ते माहीत नव्हतं. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. मामा तिला नुसतं अदी, म्हणजे ताई, म्हणायचे. पंचावन्न वर्षांचा झालो तरी हे कुणाला विचारावं असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"सासरचं नाव मीच ठेवल्तं," पुफी म्हणाली. "नणंदेचा मान असतो. महाराजानं अक्षर काढून दिलं, मी नाव सांगितलं. ती मांडवात बसून ऐकून राह्यली होती. तिला कसं वाटलं ते मी विचारलं न्हाई."

मास्तर उठायला लागले, तर तिनं त्यांना हातानंच बसवलं. मग तिनं माझ्या आईचं पहिलं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. वहीत लिहिलं, आणि मनातल्या मनात एकदा हाक मारून पाहिली.

त्याच्या वरची ओळ आजीची होती. तिथे काय लिहू, मी विचारलं.

"कोरी ठेव," पुफी म्हणाली. "पण घरवारी लिहू नको."