सिस्टरचा फॉर्म

जूनमधला दुसरा शनिवार, सकाळी अकरा. मिरजेतल्या आमच्या इमारतीचं पार्किंग. हजर: अध्यक्ष, म्हणजे मेढ्याकडचे निवृत्त सुभेदार, तळमजल्यावरच्या मावशी, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी सिस्टर, दवाखान्यातून ड्यूटी संपवून थेट आलेली, आणि सचिव म्हणून मी. बाकीचे गैरहजर. विषय दोन: गेटवर कॅमेरा बसवणे, भाडेकरूंचे माहितीफॉर्म पोलीस ठाण्यात देणे.

माझ्या वहीत एवढंच आहे. पुढचं वहीत नाही.

कॅमेऱ्याचं पाच मिनिटांत ठरलं. सुभेदार म्हणाले, "ह्याचं चित्र ठाण्यात बी दिसणार. चोर फिरकायचा न्हाई."

"आणि मी सकाळी पारोशी दूध घ्यायला येते, ते बी दिसणार व्हय?" मावशींनी विचारलं.

"आवं मावशी, सरकारला तेवढा येळ न्हाई."

आम्ही हसलो. सिस्टर हसली नाही. फॉर्म तिने शेवटपर्यंत वाचला होता. फोटो, मूळ गाव, आताचा पत्ता, कामाचं ठिकाण, मोबाईल.

"ताई, ह्यो कागद कोण कोण बघतं?" तिने मला विचारलं.

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून आली होती. मार खाऊन. नवरा शिरवळला कंपनीत. ती मिरजेत आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याचा चुलतभाऊ पोलिसात होता, सध्या कुठे ते तिला ठाऊक नव्हतं. "नवऱ्यानं त्याला एक फोन केला की माझा पत्ता मिळंल."

सुभेदारांचा आवाज खाली आला. "पोरी, सरकारी कागद हाय. असा कुणालाबी दाखवत न्हाईत."

"काका, तुमी फौजेतलं. तुमच्या फायलींना कुलपं असत्यात."

"आणि कॅमेरा हाय की आता. कोण आलं ते कळंल."

"आल्यावर कळून मी काय करू?"

मला अर्धवट राहिलेला विषय सहन होत नाही. मी म्हणाले, फॉर्म मी स्वतः पाकिटात घालते, चिकटवते आणि ठाण्यात हातात देते. मध्ये कुणी बघणार नाही, हा माझा शब्द. तिने फॉर्मकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि पेन मागितलं.

"तुमच्या भरवशावर देते बरं का, ताई. ठाण्याच्या न्हाई."

सोमवारी मी पाकीट दिलं, पोच म्हणून आमच्या प्रतीवर शिक्का घेतला आणि वहीत बरोबरची खूण केली.

ती आमची प्रत काढताना झेरॉक्सवाल्याची पहिली प्रत जरा फिकी आली होती. मी दुसरी काढून घेतली. फिकी मात्र टाकली नाही. आमच्या घरात पाठकोरा कागद टाकत नाहीत. वडील त्याच्या वह्या शिवायचे, मी गठ्ठा करून ठेवते. किराण्याच्या याद्या, धोब्याचे कपडे, बैठकीच्या नोंदी, सगळं पाठकोऱ्यावर.

दहा दिवसांनी पाण्याची टाकी धुवायची होती. कुणी कधी पाणी भरून ठेवायचं याची यादी मी गठ्ठ्यातल्या वरच्या कागदावर ठळक अक्षरात लिहिली आणि गेटजवळच्या फळ्यावर वरून दोन टाचण्या टोचून लावली. पाच दिवस ती तिथे होती. दूधवाला, कुरियरवाला, गॅसवाला, सगळे त्या फळ्याशी थांबतात.

सहाव्या दिवशी सिस्टरने माझं दार वाजवलं. हातात घडी केलेला कागद.

"वाऱ्यानं उलटा झाला हुता. मला माझाच फोटो दिसला."

मी कागद उलटला. फिका होता, पण मोबाईल नंबर वाचता येत होता. घर नंबरही. चूक झाली, एवढं म्हटलं.

ती चिडली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "तुमी मुद्दाम न्हाई केलं. ठाण्यातलं बी मुद्दाम न्हाई करायचं. त्यांच्याकडं बी असाच गठ्ठा असंल की." मग म्हणाली, "तेवढं इचारून सांगता का? कोण बघतं, किती दिस ठेवत्यात. न्हाईतर महिनाअखेरीला मी खोली सोडते."

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेले. टेबलाशी बसलेले हवालदार सभ्य होते, चहा विचारला. फॉर्म कोण बघतं? "साहेब बघतात, आम्ही बघतो, गरज पडली तर." किती दिवस ठेवता? "आलेला कागद राहतो, ताई." कुठे? त्यांनी मागच्या कपाटाकडे बोट केलं. कपाट उघडं होतं. त्यांच्यावर बोट ठेवायचा हक्क मला कितपत होता, ते मला माहीत होतं. तरी विचारलं, हे लेखी मिळेल का? "मिळेल की. रीतसर अर्ज करा. ज्यांचा फॉर्म आहे त्यांचं नाव, पत्ता लिहा आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडा."

पाठकोऱ्यांचा गठ्ठा मी त्याच दिवशी एकेक पान उलटून तपासला. आणखी दोन फॉर्म निघाले, सुभेदारांचं एक पेन्शनचं पत्र निघालं. सगळं फाडून भिजवलं.

अर्जही लिहून झाला आहे. विषय, मुद्दे, तारीख, खाली माझी सही. नावाची आणि पत्त्याची जागा तेवढी कोरी आहे; भरली की हाही कागद त्याच उघड्या कपाटात जाणार. महिना संपायला चार दिवस आहेत. सिस्टर येता-जाता माझ्या दाराकडे बघते. अर्ज टेबलाच्या खणात आहे, वहीत त्याच्यापुढे खूण नाही.