कुहीवालीची खानावळ

सक्करदऱ्यात, मेडिकलच्या सरकारी दवाखान्यापासून पायी वीस मिनिटांवर, स्वस्तात पोट भरायची तीनच ठिकाणं होती. सकाळी तर्री-पोह्याची गाडी लागायची. तिची तर्री अशी जाळ, की माणूस नाक पुसतच कामावर जायचा. दुसरं एक सावजी हॉटेल. तिथलं मटण खावं आणि दोन दिवस आठवण काढावी, पण रोज खाणं खिशालाही झेपणारं नव्हतं आणि पोटालाही. आणि तिसरी कुहीवालीची खानावळ. पाटीवर दुसरंच काही लिहिलं होतं, पण पाटी वाचतो कोण? उमरेडच्या एस.टी.तून उतरलेला माणूससुद्धा पानठेल्यावर विचारायचा तो ‘कुहीवाली कुठी राहते’ असंच.

कुहीवाली म्हणजे पंचफुला, माहेर कुहीचं. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगाने आडवी, आवाजाने त्याहून आडवी. ती चुलीपाशी आणि तिचा नवरा रुपराव पंगतीत, अशी बावीस वर्षांची वाटणी होती. रुपराव वाढता वाढता गावगप्पा करायचे, ‘घ्या ना जी, अजून घ्या’ म्हणत चौथी पोळी ताटात टाकायचे आणि आतून पंचफुला ओरडली की शहाण्यासारखे गप्प बसायचे. जेवायला येणारे कोण? हातमागावरचे कोष्टी, कॉलेजची पोरं, एस.टी.चे कंडक्टर आणि मेडिकलमध्ये ज्यांचं माणूस पडलेलं आहे अशी खेड्यातली माणसं. ही शेवटची मंडळी अंग चोरून भिंतीला टेकून बसायची आणि वाढलेलं सगळं मुकाट्याने संपवून उठायची. ताटातल्या अन्नाला नाव ठेवायचं नाही, ही त्यांच्या गावाकडची रीत.

पंचफुलाचीही एक रीत होती. स्वयंपाक होताना चाखायचा नाही. चाखलं की उष्टं झालं, आणि उष्टं अन्नपूर्णेला दाखवता येत नाही. चुलीवरच्या फळीवर सासूच्या वेळची पितळी अन्नपूर्णा होती, बोटाएवढी. सकाळचा स्वयंपाक उतरला की पंचफुला न्हाणीत जाऊन अंगावर पाणी घ्यायची, धुतलेलं लुगडं नेसायची, नैवेद्य दाखवायची आणि मगच पंगत बसायची. मग मीठ कळायचं कसं? वासावरून. सासूने, भीमाबाईने, तिला तेच तर शिकवलं होतं. वरणाला उकळी आली की झाकण सरकवून वाफ नाकात घ्यायची. मीठ कमी असलं तर वाफ फिकी लागते, नीट असलं तर नाकात भरते. शिकलेल्या माणसाला हे पटायचं नाही, पण बावीस वर्षांत तिचं वरण अळणी निघालं असं कोणी म्हणालं नव्हतं. या गोष्टीचा तिला गर्व होता. असेना का, दुसरा कशाचा होता तिच्याजवळ?

तर असं ते नाक दोन वर्षांपूर्वी गेलं.

श्रावणात ताप आला, सर्दी झाली, पंधरा दिवसांनी उतरली. पहिल्या दिवशी चुलीपाशी बसून तिने फोडणीत हिंग टाकला, तर काहीच नाही. ती तडक उठून किराणावाल्याकडे गेली आणि चार माणसांत त्याला सोलून काढलं. ‘हिंग देऊन राहिला का विटेचा चुरा, गा?’ तो बिचारा पुडी हुंगतो आणि हिच्याकडे पाहतो. घरी येऊन तिने उदबत्ती लावली. मग कापूर पेटवला. मग रॉकेलच्या कॅनचं बूच काढून नाकाशी धरलं. आणि मग ती तशीच खाली बसली.

तिने कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? नाक नसलेल्या बाईच्या हातचं कोण जेवणार? हाताच्या अंदाजाने मीठ टाकू लागली आणि रोज पंगत बसली की आतून कान देऊन ऐकायची. पण पंगत उठायची ती ढेकर देत. रोज पंगतीला बसणारे मधुसूदन मास्तर बोटं चाटत म्हणायचे, ‘बाई, तुमच्या हाताले तोड नाही.’ महिना गेला, वर्ष गेलं. हळूहळू तिला वाटायला लागलं की हातालाच सगळं कळतं, नाक हा उगाच चोचला होता.

या दोन वर्षांत रुपरावांना एक नवी खोड लागली होती. शेजारच्या गवळ्याच्या गाईवर त्यांचं प्रेम बसलं. दुपारचं वरण उरलं की भांडं उचलून गाईपुढे रितं करायचे. उन्हाळ्यात तर दिवसाआड. पंचफुला कावायची. ‘अख्खं गंज वरण गाईले? तुमाले पुण्य पाहिजे असन तर काशीले जा ना!’ रुपराव हसायचे, मान खाजवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात रुपरावांचा मावसभाऊ वारला. तेरवीला ते सकाळच्या एस.टी.ने कुहीला गेले. जाताना दारात दोनदा थांबले, काही बोलायचं होतं असं वाटलं, पण शेवटी एवढंच म्हणाले, ‘ऊन लई हाय. संध्याकाळी ताजंच करजो.’

‘मले शिकवू नका,’ पंचफुला म्हणाली.

दुपारी उन्हाची लू चालली होती. कॉलेजची पोरं गावी गेलेली, पंगतीला मोजकी माणसं. निम्मं वरण उरलं. संध्याकाळी तिने झाकण काढून पाहिलं. वर थोडा फेस होता, तो तिने पळीने काढला. वाफ नाकात घेतली, जुन्या सवयीने. नाकात काहीच आलं नाही, आणि दोन वर्षांत काहीच न येणं म्हणजे सगळं ठीक, असं तिचं ठरून गेलं होतं. तिने दोन उकळ्या दिल्या, वरून लसणाची झणझणीत फोडणी घातली, गरम पोळ्या टाकल्या आणि स्वतःच वाढायला गेली.

पंगतीत चारपाच माणसं. त्यात कौशल्या होती, कुहीजवळच्याच खेड्यातली. तिच्या बारा वर्षांच्या अनंताचा पाय बैलगाडीखाली येऊन मोडला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं ऑपरेशन होतं. पाच दिवसांपासून ती दिवसातून एकदा, संध्याकाळी, इथे येऊन जेवायची. पंचफुलाला माहेरचं कोणी आल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी तिने कौशल्याला आग्रह करकरून वाढलं. ‘उद्या तुले ताकद पाहिजे वं. पोराजवळ दिवसभर उभं राहावं लागन. जेव पोटभर.’ कौशल्याने मान खाली घातली आणि वाटीतलं सगळं वरण प्याली. पंचफुलाने पुन्हा वाढलं. तिने तेही संपवलं.

सकाळी मधुसूदन मास्तर आले ते दारातच उभे राहिले. चपला काढल्या नाहीत.

‘बाई, कालचं वरण आंबलं होतं. मी वाटी बाजूला सारली अन् ठेच्यासोबत पोळी खाऊन उठलो. बोललो नाही, चुकलंच माझं. ती गाववाली मात्र सगळं जेवली. आता सकाळी फिराले गेलो तर पाहिलं, मेडिकलच्या व्हरांड्यात उलट्या करून राहिली.’

पंचफुलाने चुलीत पाणी ओतलं आणि निघाली. डोक्यावर पदर, पायात चपला नाहीत, आणि डांबर आताच तापायला लागलेलं. मेडिकलच्या व्हरांड्यात कौशल्या सतरंजीवर पडली होती. हाताला सलाईन लावलेलं, ओठ पांढरे, डोळे आत गेलेले. पंचफुला तिच्याजवळ बसली.

‘पोरगा?’ तिने विचारलं.

‘नेला ऑपरेशनले. माय पाहिजे, माय पाहिजे म्हणून रडत गेला म्हणते. मी उठली अन् तिथीच पडली.’ कौशल्याच्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहत होतं, पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. पंचफुलाने पदराने पुसलं.

‘तुले वास नाई आला, वं?’

‘आला ना.’

‘मंग काहून जेवली? काहून बोलली नाई?’

कौशल्याने सरळ सांगून टाकलं, रागाने नाही, एखादी साधी गोष्ट सांगावी तसं. ‘वाढलेल्या अन्नाले कसं नाव ठेवू बाई? अन् मले वाटलं, तुमाले ठाऊक असन. आमच्यासारख्याइले असंच वाढत असतीन.’

पंचफुलाने आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली होती. सासूची, दिराची, उधार न देणाऱ्या दुकानदारांची. पण एवढं कोणीच लावून बोललं नव्हतं, आणि ही तर लावून बोलतही नव्हती. ‘मले नाक नाई वं,’ एवढंच तिच्या तोंडून निघालं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती हे कोणाला सांगत होती, आणि सांगितलं तेव्हा त्याचा कोणाला उपयोग नव्हता.

दुपारी रुपराव कुहीहून परतले तेव्हा खानावळ बंद होती आणि पंचफुला थंड चुलीपाशी बसली होती. तिने सगळं सांगितलं, नाकाचंही. रुपरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘नाकाचं मले ठाऊक हाय,’ ते म्हणाले. ‘त्याच श्रावणापासून.’

‘कसं?’

‘भाजी करपली अन् तू बाजूले बसून लसूण सोलून राहिली होती. तवाच समजलं. मंग तू न्हाणीत गेली की मी चाखत होतो. मीठ कमी राहिलं तर टाकत होतो. जास्त झालं तर पाणी. दुपारचं आंबलं की गाईले.’

पंचफुला उठून उभी राहिली. बहुतेक बायकांना अशा वेळी नवऱ्याच्या मायेने गहिवर आला असता, पण पंचफुलाने संतापून फळीकडे बोट केलं.

‘म्हंजे दोन वर्सं तुमी माह्या देवीले उष्टं दाखवलं? माह्या हातानं?’

‘मंग काय करू? तुले सांगतलं असतं तर तू चूल सोडली असती.’

‘अन् नाई सांगतलं तर काय झालं? पाहा जाऊन तिकडं व्हरांड्यात! मी मस्तीत राहिली. मले वाटलं माह्या हाताले समजते. तुमी सांगतलं असतं तर काल त्या बाईले मी ते पाजलं नसतं.’

सांगितलं तर तिनेही नव्हतंच. दोघंही खानावळीची अब्रू झाकत बसले आणि भोगलं तिसरीने. रुपरावांनी चूल पेटवली, आयुष्यात पहिल्यांदा भाताची पेज केली आणि डबा घेऊन ऊन डोक्यावर असतानाच मेडिकलला गेले. पुढचे चार दिवस तेच पेज करायचे आणि नेऊन द्यायचे. पंचफुला फळीवरच्या अन्नपूर्णेकडे पाठ करून बसायची. मधुसूदन मास्तर सावजीकडे जाऊ लागले. कंडक्टर लोक बंद दार पाहून पुढे गेले. खानावळीचं नाव खराब झालं ही बातमी पानठेल्यापर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत.

पाचव्या दिवशी तिने चूल पेटवली. वरण शिजलं तेव्हा अकरा वाजत आले होते. ती झाकण धरून उभी होती. वाफ तोंडावर येत होती, आणि तिला भीती वाटत होती. स्वतःच्याच वरणाची.

तेवढ्यात दारात सायकल रिक्षा थांबली. अनंता मागे पाय लांबवून बसलेला, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. कौशल्या खाली उतरली. अजून तिचा चेहरा उतरलेलाच होता. ‘एस.टी.वर चाललो, बाई,’ ती म्हणाली. ‘डबा द्याले आली.’ रुपरावांचा पेजेचा डबा तिने घासूनपुसून आणला होता.

पंचफुलाने डबा घेतला नाही. तिने कौशल्याचा हात धरला आणि थेट चुलीपाशी नेलं. पळीभर वरण वाटीत काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

कौशल्याने फळीकडे पाहिलं. अन्नपूर्णेपुढचं ताट रिकामं होतं. ती मागे सरली. ‘नैवेद्य नाई झाला अजून. देवीच्या आधी कशी घेऊ?’

‘घे.’

‘उष्टं होईन वं बाई.’

‘होऊ दे,’ पंचफुला म्हणाली. तिचा तो आडवा आवाज पार फाटला होता. ‘ते फळीवरची बोलत नाई. तू पण बोलली नाई. आता बोल. जसं असन तसं सांग मले.’

दारात रुपराव उभे होते, ते जागचे हलले नाहीत. कौशल्याने वाटी घेतली. आधी नाकाशी धरली, नीट, वेळ घेऊन. मग एक घोट घेतला. तिच्या तोंडावर लाजेने लाली चढली. जन्मभर गिळलेलं बाहेर काढायला तिला बरंच बळ लागलं असावं.

‘वास ताजा हाय,’ ती म्हणाली. ‘पण मीठ कमी हाय, बाई. अन् हळद कच्ची राहिली.’

बावीस वर्षांत वाटी हातात धरून पंचफुलाच्या वरणाला नाव ठेवणारी ती पहिलीच. पंचफुलाने मान हलवली, मिठाचा डबा पुढे ओढला, वरणात मीठ टाकलं आणि वाटी पुन्हा भरून कौशल्याच्या हातात दिली.