तीन कप आणि बसऱ्याचा तांदूळ

आमच्या गावात उरुसाच्या मानावरून दोन तट पडले. दुकानं दोनच, एकेका तटाचं एकेक. माझे वडील खलाशी. ते म्हणाले, "मी कुणाचाच नाय." झालं! दोन्ही दुकानांनी आम्हाला तांदूळ बंद केला. आई खाडीपलीकडून डोक्यावर गाठोडं आणायची. ज्याला कुणाची बाजू नाही त्याची चूल आधी विझते, हे मी कॉलेजात जायच्या आधीच शिकलो. घरातला पहिला बी.कॉम. मीच.

पुढे मी कुवेतला शुवैख बंदरात एका पेढीवर शिपिंग क्लार्क झालो. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलेलं. शेजारी इराकात आपसातच जुंपली होती. गोळीबाराच्या भीतीने मोठी जहाजं बसऱ्याला जाईनात. माल आमच्या गोदामात उतरायचा आणि गलबतांनी पुढे जायचा.

एका सकाळी बसऱ्याचे जासिम आले. सरकारच्या बाजूचे. आमचे मालक अबू यूसुफ यांनी त्यांना दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, कॉफी दिली. जासिमनी कप खाली ठेवला. तिकडची रीत अशी, की पाहुण्याने न पिता कप ठेवला तर त्याचं काही मागणं आहे. ते मान्य होईपर्यंत तो पिणार नाही. आणि पाहुणा न पिता गेला तर यजमानाची अब्रू गेली.

"हातिमचा तांदूळ सोडू नका," जासिम म्हणाले.

हातिम विरोधकांच्या बाजूचे. तेही जुनं गिऱ्हाईक. दोघांचाही तांदूळ आमच्याच गोदामात. नेमके तेही दारात हजर! बसले, कप ठेवला. "जासिमचा तांदूळ अडवा."

मी मालकांच्या कानाशी लागलो, "साहेब, सरकारची बाजू घ्या. नाहीतर दोन्हीकडून बुडू."

अबू यूसुफ तरुणपणी मुंबईत राहिलेले. हिंदीत म्हणाले, "चूप बैठ, बी.कॉम."

आणि त्यांनी स्वतःचा कप खाली ठेवला. स्वतःच्या घरात यजमानाने मागणं घालावं, हे कुणी पाहिलं नव्हतं. दोघेही चपापले.

"माझंही एक मागणं आहे. तुमचा दोघांचा तांदूळ एकाच गलबतातून जाईल. नाखवा माझा."

"आणि वाटेत ह्याच्या माणसांनी अडवलं तर?" जासिम म्हणाले.

"तर ह्याचाही तांदूळ अडेल."

हातिमना हसू आलं. "म्हातारा मुंबईत बिघडला!" म्हणत त्यांनी कप उचलला. जासिमनी जरा वेळ लावला, पण उचलला. मालक शेवटी प्यायले.

स्टोएज, म्हणजे गलबतात माल रचण्याचं काम, माझ्याकडे आलं. एरवी एकेकाच्या गोण्या वेगळ्या रचतात. मी एक थर जासिमचा, त्यावर एक हातिमचा, असे आलटून पालटून लावले. एकाला आपलं पोतं हवं तर दुसऱ्याचं आधी उचलावं लागणार.

मालक वाकून बघत राहिले. "कॉलेजात शिकवतात हे?"

"नाही साहेब. आत्ताच शिकलो."

गलबत बसऱ्याला सुखरूप लागलं. दोघांच्या हमालांनी मिळून ते रिकामं केलं. त्या हंगामात आमचं एकही गलबत अडलं नाही.

माझे वडील चुकले नव्हते. त्यांच्याकडे गोदाम नव्हतं, एवढंच. मधे उभं राहायचं तर दोघांना लागणारी वस्तू आपल्या हातात हवी.

पहिल्या रजेत मी गावात तिसरं दुकान काढलं. भाव दोन्ही दुकानांपेक्षा कमी ठेवला, गल्ल्यावर वडील बसले. दोन्ही तट तिथूनच तांदूळ नेऊ लागले.